न वाजणारे वाद्य



मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारले होते, की वस्तू जपली म्हणजे आठवण जपली जाते का? वेळ संपली आहे असे सांगून आम्ही तेव्हा सुटका करून घेतली. खरे सांगायचे तर वेळ पाच-सात मिनिटे शिल्लक होती. पण नेमका तोच प्रश्न त्या दिवसांत आमच्या घरात, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, गवसणी घालून उभा होता, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आज थोडेफार आहे.

झाले असे. डिसेंबरात दोन तरुण घरी आले. सोलापुरात जुन्या वाद्यांचे एक लहानसे दालन उभारायचे त्यांच्या मनात आहे. तिथे महिन्याला एक मैफल, शाळांच्या सहली, चार व्याख्याने असा बेत. मुले चांगली होती, चहा घेतला, आणि हळूच म्हणाली, "सर, तुमच्या वडिलांचा तंबोरा आम्हाला द्याल का?"

आमचे वडील शाळामास्तर. गाणे पोटापुरते नाही, पण जिवापुरते होते. तंबोरा त्यांनी मिरजेहून आणला तो पन्नासच्या दशकात. मिरज ते कुर्डुवाडी तेव्हा बार्शी लाइटची अरुंद गाडी होती. त्या गाडीत रात्रभर भोपळा मांडीवर घेऊन ते बसले आणि कुर्डुवाडीला गाडी बदलून सोलापूर गाठले, ही गोष्ट आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकली आहे की आपणच त्या गाडीत होतो असे वाटते. वडील गेल्यावर तंबोरा वाजला तो क्वचितच. आम्हाला सूर लावता येतो, गाता येत नाही. लेक परगावी. भोपळ्याला एक बारीक तडा गेलेला. तेव्हा 'देऊन टाका' म्हणणे अगदी शहाणपणाचे होते, आणि आमच्या सौभाग्यवती तसे म्हणाल्याही. आम्ही मुलांना म्हणालो, "थोडा वेळ द्या. आधी अशी दालने पाहून येतो."

पहिल्यांदा गेलो पुण्याला, शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात. पूर्वीही गेलो होतो, पण तेव्हा पाहुण्यांना घेऊन, म्हणजे घड्याळाकडे बघत. या वेळी एकटेच, सबंध दिवस. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने लिहिणारे कवी. लहान वयात गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी या संग्रहाला दिले, आणि पुढे सगळे शासनाच्या हवाली केले. वीस हजारांच्या घरातल्या वस्तू एका माणसाने, पत्नीच्या साथीने, गावोगाव हिंडून जमवल्या. अडकित्ते, दिवे, दौती, वज्री, कोरीव दारे, आणि त्यांतच वाद्ये.

आम्हाला तिथे एक गोष्ट फार पटली. वाद्याचा शेजार. संगीताचे लोक वाद्याला देव्हाऱ्यात बसवतात. इथे ते अडकित्त्याच्या आणि समईच्या घरात राहते. हाताने वापरायची, हाताने झिजणारी, घरातली एक वस्तू. हे संग्रहालय संगीताचे आहे असा दावा केळकरांनी कधी केला नाही. माणसे कशी जगत होती एवढेच त्यांना दाखवायचे होते, आणि त्या हिशेबात वाद्याची जागा बरोबर आहे. एका बापाच्या दुःखातून उभ्या राहिलेल्या घराकडे टीकाकाराच्या नजरेने पाहणे जड जाते, हेही कबूल करतो.

पण प्रश्न एकट्या या घराचा नाही. काचेआड वाद्य ठेवणाऱ्या जगातल्या सगळ्याच घरांचा आहे. अडकित्ता काचेआड गेला तरी तो काय करतो हे त्याच्याकडे पाहून कळते. दोन पाती, मध्ये सुपारी, संपले. तंबोरा काय करतो हे तंबोऱ्याकडे पाहून कळत नाही, कितीही वेळ पाहा. डोळ्यांना दिसतो तो आकार. म्हणून संग्रहालयांत गर्दी कुठे होते? मोराच्या आकाराच्या ताऊसपुढे. हस्तिदंती कामापुढे. साध्या, बिननक्षीच्या, उत्तम जवारीच्या तंबोऱ्यापुढून लोक सरळ निघून जातात. म्हणजे वाद्यांच्या दालनात वाद्याची किंमत ठरते ती वाद्यपणा सोडून बाकी सगळ्यावर!

ॲरिस्टॉटल आत्म्यावरच्या ग्रंथात म्हणतो की जो डोळा पाहू शकत नाही, दगडी पुतळ्याचा किंवा चित्रातला, तो केवळ नावाचा डोळा. पाहणे हाच डोळ्याचा जीव. आम्ही चाळीस वर्षे हे वर्गात शिकवले. त्या दिवशी पुण्याहून परतताना गाडीत तेच वाक्य डोक्यात घोळत होते. काचेआडचा तंबोरा नावाचाच तंबोरा. आम्ही मनाशी ठरवून टाकले की द्यायचा नाही. कोणा गाणाऱ्या मुलीला देऊ, फुटेपर्यंत वाजू दे.

इथे व्याख्यान संपायला हरकत नव्हती. पण दोन-तीन गोष्टी मध्ये आल्या.

पहिली, वर्गीकरणाची. संग्रहालये वाद्ये मुकी करतात हे खरे, पण वाद्यांविषयी विचार करायला त्यांनीच भाग पाडले हेही खरे. १८७६ च्या सुमारास कोलकात्याच्या सौरीन्द्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला शंभराच्या आसपास हिंदुस्थानी वाद्ये भेट पाठवली. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सला वाद्यसंग्रहालय सुरू झाले. तिथले पहिले प्रमुख व्हिक्टर माहियों यांच्यापुढे अडचण उभी राहिली. युरोपात तंतुवाद्ये, सुषिरवाद्ये आणि आघातवाद्ये अशी ढोबळ विभागणी होती. तीत ही सगळी मंडळी नीट बसेनात. त्यांनी चार वर्ग केले. स्वतः कंप पावणारी, कातड्याची, तारेची आणि वाऱ्याची. आता नाट्यशास्त्रातला अठ्ठाविसावा अध्याय आठवा. तत, अवनद्ध, घन, सुषिर. तेच चार. टागोरांनी वाद्यांबरोबर हा विचारही पाठवला होता. १९१४ साली होर्नबोस्टेल आणि झाक्स या दोघांनी माहियोंचा धागा धरून जी पद्धत रचली ती आज जगभरच्या दालनांत चालते. म्हणजे आपल्याकडची वाद्ये तिथे नुसती मुकी पडून राहिली नाहीत, तिथल्या लोकांना त्यांनी विचार करायला लावले. हे काम वाजून झाले नसते.

आता या वर्गीकरणातही एक गोम आहे, बरं का. ते कशाने वाजते ते विचारते, कोण वाजवतो ते विचारत नाही. हा मुद्दा जरा बाजूला ठेवू, परत येतो.

दुसरी गोष्ट, मिरजेची. तडा दाखवायला आम्ही तंबोरा घेऊन मिरजेला गेलो. शिकलगार मंडळींची ती गल्ली. हत्यारांना धार लावणारे हे हात. साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, हत्यारांचे दिवस संपल्यावर, फरीदसाहेबांपासून ते तारवाद्यांकडे वळले. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन ही चांगली गोष्ट, पण त्याने दुकानावर पाटी येते, पोरगा कामावर बसतोच असे नाही.

कारागिराने भोपळ्यावर बोटाने टकटक केले, कान लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "सोलापूरचे ना तुम्ही? हा भोपळा तुमच्याकडचाच." आम्ही चमकलो. मिरजेच्या वाद्यांना लागणारे मोठे कडू भोपळे आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून जातात. शेतकरी ते वेलावर पूर्ण पिकू देतो, मग ते महिनोन्महिने वाळवायचे, बी काढायचे, कापायचे, भिजवून आकार द्यायचा. सत्तरी उलटलेली आमची, आयुष्य सोलापुरात गेले, आणि घरातला तंबोरा अर्धा सोलापुरी आहे हे मिरजेच्या माणसाने सांगावे लागले! आपल्या जिल्ह्यात उजनीनंतर ऊस किती वाढला ते सांगायला नको. त्या उसाच्या मधे भोपळ्याचा वेल कोणी किती दिवस राखेल, हा प्रश्न एकाही वाद्यदालनाच्या भिंतीवर आम्हाला दिसलेला नाही. बहुतेक ठिकाणी पाटीवर 'तंबोरा, लाकूड व भोपळा' इतकेच असते. भोपळा जणू हवेत पिकतो.

मग त्याने जवारी पाहिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा अगदी किंचित उतरता घासलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा अलगद टेकते, आणि त्यामुळे मूळ सुराच्या पोटातले वरचे सूर फुलून येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली यावर निबंध लिहिला. तारेला जिथे छेडले तिथे जे सूर उमटू नयेत असे युरोपीय नियम सांगतो, ते आपल्या वीणा-तंबोऱ्यात ठणठणीत ऐकू येतात, असे त्यांनी दाखवले. तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा घालतात. तो केसभर पुढेमागे सरकवला की बंद आवाज उघडतो. या दोऱ्याला काही लोक 'जीव' म्हणतात. आणि गंमत बघा, संग्रहालयात वाद्य गेले की पहिल्यांदा जाते ते हेच. तारा सैल करतात, कारण ताणाने वाद्य वाकते, आणि ते योग्यच आहे. तारा सैल झाल्या की दोरा गळून पडतो. पाटीवर त्याचा उल्लेख नसतो, कारण तो कोणाच्या हिशेबात वस्तू नसतो.

मिरजेला आलोच होतो म्हणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच विसावले आहेत. १९३७ साली पाँडिचेरीला जाताना वाटेत प्रकृती बिघडली, एका लहान स्टेशनावर ते उतरले, तंबोरा मिळवायला सांगितला, गायले, आणि गेले. दर्ग्याच्या उरसात दरवर्षी चिंचेच्या झाडाखाली गाणे होते. आम्ही तरुणपणी तिथे रात्र काढली आहे. तिकीट नाही, खुर्ची नाही. शेजारी बसलेला माणूस तंबोरा बनवणारा असू शकतो, आणि गाणाऱ्यामागचा एक तंबोरा किंचित उतरला की आधी त्याची मान हलते, मग गायकाची. वाद्यसंग्रहालयाचे काम म्हणजे आणखी काय असावे? इथे करणारा, वाजवणारा, ऐकणारा आणि ज्याच्या आठवणीसाठी जमले तो, चौघेही शंभर पावलांच्या आत आहेत.

याच्या उलट अनुभवही सांगायला हवा. एका शहरात, नाव घेत नाही, एका वाद्यदालनात मैफलीला गेलो होतो. भिंतींवर चारी बाजूंनी तंबोरे टांगलेले. सुंदर प्रकाशयोजना. गायिका बसली आणि शेजारी ठेवले ते इलेक्ट्रॉनिक यंत्र. बटण दाबले, सा-प सुरू. आम्ही मोजले, भिंतीवर अकरा तंबोरे होते आणि त्यांतला एकही लागलेला नव्हता. मध्यंतरात संयोजकांना विचारले तर म्हणाले, "सर, त्या एक्झिबिट आहेत." यंत्राशी आमचे वैर नाही. एकट्याने रियाज करणाऱ्याला त्याने मोठा आधार दिला आहे. पण अकरा जिवंत माणसे उभी असताना बोलायला बाहुली आणावी तसे ते वाटले. अमेरिकेत फिनिक्सला २०१० साली उघडलेल्या मोठ्या वाद्यसंग्रहालयात कानाला यंत्र लावून फिरतात. वाद्यापुढे गेले की त्या जातीच्या वाद्याचा आवाज कानात येतो. सोय उत्तम. पण ऐकू येतो तो दुसऱ्या कोणत्या तरी वाद्याचा, समोरचे गप्पच.

दुसरा मार्ग नाही असेही नाही. पॅगानिनीने आपले १७४३ सालचे व्हायोलिन जेनोआ शहराला दिले. शहराने ते जपले आहे, आणि त्याच्या नावाच्या स्पर्धेतल्या विजेत्याला ते वाजवायला देतात. म्हणजे जपणे आणि वाजवणे यांत भांडण असलेच पाहिजे असे नाही. ते लावावे लागते, आणि लावायला माणूस लागतो, पगार लागतो. बहुतेक दालनांत पैसा काचेला असतो, माणसाला नसतो.

इथवर आम्ही आमच्या मतात घट्ट होतो. वाद्य वाजले पाहिजे. न वाजणारे वाद्य म्हणजे वाद्याचे शव.

मग आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आता तोही निवृत्तीला आलेला प्राध्यापक. हे सगळे आम्ही त्याला रंगवून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "सर, संयुत्तनिकायातली वीणेची गोष्ट तुम्हीच शिकवली होती." गोष्ट अशी. एका राजाने कधी वीणा ऐकलेली नव्हती. ऐकली, मोहून गेला, म्हणाला तो आवाज माझ्याकडे घेऊन या. लोकांनी वीणा आणली. तो म्हणाला, वीणा नको, आवाज आणा. लोकांनी समजावले की भोपळा, दांडी, तारा, वाजवणाऱ्याची मेहनत, या सगळ्यांनी मिळून आवाज होतो. राजाने वीणा फोडली, तिचे तुकडे केले, जाळली, राख वाऱ्यावर उधळली. आवाज कुठेच सापडला नाही. आम्ही म्हणालो, "अरे, मग हे माझ्याच बाजूचे झाले. संग्रहालय म्हणजे तो राजा."

तो म्हणाला, "सर, आमच्या आजोबांनीही वाद्य जाळले होते. ते आवाज शोधत नव्हते. त्यांना तो आवाज बंद करायचा होता."

त्याचे आजोबा गावात हलगी वाजवत. लग्न असो, मयत असो, जत्रा असो. वाजवायची की नाही हे त्यांनी ठरवायचे नव्हते. बदल्यात भाकरी, तीही दुरून. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून गावोगाव गावकीची कामे सोडली गेली, मेलेली ढोरे ओढणे सोडले, वाजवणे सोडले. त्या लाटेत आजोबांनी हलगी चुलीत घातली. घरात पुन्हा वाद्य आले नाही. "तुम्ही म्हणता, न वाजणारे वाद्य म्हणजे शव. आमच्या घरात ते वाजायचे थांबले त्या दिवशी माणूस जिवंत झाला."

मित्रहो, आमच्याकडे उत्तर नव्हते. ॲरिस्टॉटलचा डोळा पाहण्यासाठी असतो हे ठीक, पण हलगी वाजण्यासाठी असते असे म्हणताना आम्ही वाजवणाऱ्याला विचारलेच नव्हते. मघाशी वर्गीकरणाचा मुद्दा बाजूला ठेवला होता, तो हा. पखवाज आणि हलगी दोन्ही अवनद्ध. भिंतीवर शेजारी टांगता येतात, आणि पाहणाऱ्याला वाटते, वा, समता! पण एकाला कीर्तनात वंदन होते आणि दुसऱ्याच्या वादकाला अंगणाच्या कडेला उभे केले जात होते. पखवाजाचेही कातडे कमावणारा आणि तो गळ्यात घालणारा वेगळे. पाटीवर 'चर्म, लाकूड' लिहिले की हा सगळा इतिहास दोन शब्दांत धुऊन निघतो.

आम्ही वाद घालायचा म्हणून अमर शेखांचे नाव काढले. बार्शीचा माणूस, आपल्या जिल्ह्याचा. हातात डफ घेऊन संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी मैदाने पेटवली. डफ काय आणि हलगी काय, चौकटीवर ताणलेले कातडेच. विद्यार्थी हसला. म्हणाला, "त्यांनी तो उचलला सर, त्यांच्या हातात तो दिला गेला नव्हता." आज सिद्धेश्वरांच्या यात्रेत संक्रांतीला सात नंदीध्वजांपुढे हलगीचा कडकडाट होतो तेव्हा आमच्याही अंगावर काटा येतो, आणि आज हौसेने, मानाने वाजवणारी पोरेही आहेत. ते त्यालाही आवडते. पण त्याच्या आजोबांच्या चुलीचे काय करायचे, ते कुठल्या दालनात ठेवायचे, हा त्याचा प्रश्न उरतोच.

आमचा तंबोरा अचानक फार सोपा वाटू लागला. त्याच्याशी आमचे भांडण नाही, फक्त आळस आहे.

पंढरीच्या वाटेवर, नामसप्ताहात, वीणा खाली ठेवत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे. सात दिवस, रात्रंदिवस, पहारा बदलतो, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वीणेकरी मोठा वादक असतो असे मुळीच नाही. तारा छेडता आल्या की पुरे. ही जपण्याची रीत आपल्या अंगणातली आहे. वस्तू तीच राहते, हात बदलत राहतात. आम्ही त्या मुलांना पत्र लिहिले त्यात हेच धरून चार गोष्टी घातल्या. एक, तंबोरा देऊ, पण तारा चढवलेल्या राहतील आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी तो लावील. लावणारा कारागीरच पाहिजे असे नाही, संगीताच्या वर्गाची पोरे चालतील. दुसरे, तुमच्या मैफलीत तोच वाजेल, यंत्र नाही. याने तो लवकर झिजेल, घोडी बदलावी लागेल, कदाचित भोपळाही. नैयायिक म्हणतील की अवयव बदलला की अवयवी नवा झाला. होऊ दे. वडिलांचा तंबोरा नवा झाला तर वडील रागावणार नाहीत. तिसरे, पाटीवर भीमाकाठचा भोपळा, मिरजेची गल्ली आणि 'काळी एक'मध्ये गाणारा एक शाळामास्तर, हे तिन्ही येईल.

चौथी गोष्ट आमच्या विद्यार्थ्याची. दालनात हलगी ठेवणार असाल तर तिच्या शेजारी एक रिकामी खुंटी ठेवा, आणि खाली त्याच्या आजोबांची हकीकत, त्याच्याच शब्दांत. तो लिहून द्यायला तयार आहे.

पहिल्या तिन्ही गोष्टी मुलांनी लगेच मान्य केल्या, पैशाचे बघू म्हणाली. चौथीवर त्यांची आपसांत चर्चा चालू आहे. एकाचे म्हणणे पडले की रिकामी खुंटी पाहून लोकांना वाटेल वस्तू चोरीला गेली. दुसरा म्हणाला, वाटू दे, विचारतील तरी. तंबोरा सध्या मिरजेला आहे. तडा बुजवता येतो की भोपळा बदलावा लागतो, ते कारागीर पावसाळा सरल्यावर सांगणार आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या वेळच्या बाई आल्या असतील तर आधी त्यांना माइक द्या.